मास्टर बाथरूमचा नळ कोणी बंद केला?

आमच्या डायनिंग रूमचं छत वादळात पडलं नाही. वादळ संपून लख्ख ऊन पडल्यावर, मी घराची संपूर्ण तपासणी करून 'सगळं ओके' असं जाहीर केल्यानंतर, साधारण दहा मिनिटांनी ते पडलं.

आमच्या प्लेनोत थंडी क्वचित येते, पण आली की घर डोक्यावर घेते. टेक्सासातली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. कडाका पडला की भिंतींतल्या पाइपांमधलं पाणी गोठतं, पाइप तडकतात आणि ऊन पडून बर्फ वितळला की गळायला लागतात. म्हणून हिमवादळाचा इशारा आला की नियम एकच: घरातले सगळे नळ बारीक धारेनं चालू ठेवायचे. वाहतं पाणी सहसा गोठत नाही.

माझ्या बायकोनं, शलाकानं, हा नियम मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवला. वाचून मात्र दाखवला तो फक्त माझ्या आईला. कारण आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली आणि लातूरची. आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, अशा ठिकाणी तिनं संसार केलेला. प्लेनोतही भाजी धुतलेलं पाणी ती कुंडीत घालते.

"आई, प्लीज, नळ गळताना दिसला तरी बंद करायचा नाही हं."

"अगं, पण दोन दिवस एवढं पाणी वाया घालवायचं?"

"घालवायचं."

आईनं पदर खोचला. (आईनं पदर खोचला की आम्हाला भीती वाटते.) मग तिनं घरातल्या बादल्या, पातेली, इडलीचा कुकर असं सगळं काढलं आणि दिसेल त्या नळाखाली ठेवलं. नळ चालू आणि पाणीही वाया नाही! शलाकानं हात टेकले.

वादळ दोन दिवस घोंगावलं आणि गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि मी कंबर कसली. मी सॉफ्टवेअरच्या क्वालिटी विभागातला. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो! हातात टॉर्च (दिवसाढवळ्या!), फोनवर चेकलिस्ट आणि मागे माझी बारा वर्षांची लेक, ईरा. छप्पर? जागेवर. हीटर? चालू. कुंपणाची एक फळी आडवी झाली होती, ती मी उभी केली. माझी पाठ वळल्यावर ती पुन्हा पडली, पण तोवर चेकलिस्टवर टिक झाली होती. मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'आमच्याकडे सगळं ओके. कुणाला मदत हवी तर सांगा.'

तेवढ्यात ईरा डायनिंग रूममधून म्हणाली, "बाबा, व्हाय इज द सीलिंग प्रेग्नंट?"

मी जाऊन पाहिलं. टेबलाच्या बरोबर वर छताला चांगलं पोट सुटलं होतं. शहाणा माणूस अशा वेळी लांब उभा राहतो. मी खुर्चीवर चढलो आणि बोटानं दाबून पाहिलं.

धप्प! ओलं प्लास्टर, बर्फासारखं पाणी आणि खुर्चीवरून मी, असे सगळे एकदमच खाली आलो.

"मेन व्हॉल्व्ह बंद कर!" शलाका ओरडली.

"कुठे असतो तो?"

"अरे, आत्ता घर चेक केलंस ना तू?"

व्हॉल्व्ह पुढच्या लॉनमध्ये, रस्त्यालगत जमिनीत असतो, हे तिला माहीत होतं. मी पाना घेऊन पळालो. बघतो तर दोन झाकणं शेजारीशेजारी! मी मोठ्या आत्मविश्वासानं उजवं उघडलं आणि आतला व्हॉल्व्ह ताकद लावून फिरवला.

"थांबलं का?"

"नाही!"

"आता?"

"नाही रे! अजून येतंय!"

इतक्यात शेजारचं दार उघडलं. आमचे सत्तरीतले शेजारी, मिस्टर डेल, बाथरोबमध्ये आणि डोक्यावर शॅम्पूचा ढीगभर फेस. ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, "इज देअर एनी प्रॉब्लेम विथ द वॉटर?"

उजवं झाकण त्यांचं होतं! त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला, डावं झाकण उघडून आमचं पाणी बंद केलं, स्वतःचं सुरू केलं. वर, तसेच फेसासकट, गळती शोधायला आमच्या घरात आले. माडीवर आमच्या मास्टर बाथरूमची भिंत ओलीचिंब होती. डेलनी बेसिनच्या नळाकडे पाहिलं आणि विचारलं, "वॉज दिस वन ड्रिपिंग?"

नळ घट्ट बंद होता. एक पिळा जास्तच दिलेला.

"आई..." शलाका एवढंच म्हणाली. सगळे आईकडे बघायला लागले.

आणि मला आठवलं. आदल्या दिवशी मी तिथे ब्रश केला होता. टप टप टप ऐकून हात आपोआप गेला होता. लातूरचंच ना पाणी! मग मी बोललो का नाही? घाबरलो, दुसरं काय.

आईनं नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपासून मला आजवर काही लपवता आलेलं नाही.

"मीच केला असेल गं," ती म्हणाली. "जन्माची सवय. गेला असेल हात."

 आई तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसली आणि जुन्या टॉवेलनं फरशी पुसून पाणी बादलीत पिळायला लागली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की विचारू नका.

"शलाका, आईनं नाही. नळ मी बंद केला. ब्रश केल्यावर."

शलाका माझ्याकडे वळली. डेलना मराठीचं एक अक्षर येत नाही, पण शलाकाचा चेहरा पाहून त्यांना सगळं कळलं. "आय शुड रिन्स दिस," म्हणून ते डोकं धरून खाली सटकले.

आईनं टॉवेल बादलीत आपटला.

"अरे, कशाला बोललास?" ती कळवळून म्हणाली. "मी दोन महिन्यांनी जाणार होते. तुला इथंच राहायचंय ना रे!"

छताची दुरुस्ती तीन आठवड्यांत झाली. माझी अजून चालू आहे.