मसाल्याच्या डब्यातल्या गोळ्या

आईचं मांडीचं हाड मोडलं. आमच्या घरी दिवसभर कुणी नसतं, म्हणून ऑपरेशननंतर काही महिने तिला सौंसरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. दर रविवारी मी पांढुर्ण्याहून बसने जायची. धुतलेली लुगडी, खोबरेल तेल, आठवड्याच्या गोळ्या, चार संत्री. पिशवी आदल्या दिवशीच भरून दाराशी ठेवलेली असायची.

आई वॉकर घेऊन चालायला लागली होती. एका रविवारी ती पलंगावरून उठली आणि भेलकांडली. मी शेजारीच होते, म्हणून निभावलं. पुन्हा पडली तर उभी राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिथल्या सांभाळणाऱ्या बाईंच्या मते हे वयामुळे होत होतं. मला ते पटलं नाही. गोळ्या कुठे ठेवता, एवढंच मी विचारलं.

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि मसाल्याचा डबा घेऊन आल्या. स्टीलचा, गोल, आत सात वाट्या असलेला. पाकिटं फार जागा खातात, म्हणून सगळ्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या त्यांनी सोलून रंगाप्रमाणे वाट्यांत भरल्या होत्या. पांढऱ्या एका वाटीत, गुलाबी दुसरीत, पिवळ्या तिसरीत. मधल्या वाटीत कापलेल्या अर्ध्या गोळ्यांचा चुरा. झाकण उघडताच हिंगाचा वास आला. पांढऱ्या गोळ्यांना हळद लागली होती, काही ओलीने फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांतून एक लाल मुंगी चालली होती. वाढायला चमचाही होता, वरणाचा डाग असलेला.

"आमच्या आईच्या कुठल्या?"

"त्यायच्या दोन पांढऱ्या. एक सकाळी, एक राती. पाहा ना ताई, कसं सारं एका जागी दिसून राहिलं."

आईची सकाळची गोळी थायरॉइडची, रात्रीची बीपीची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारीक. त्या वाटीत तशा आणखी पाचसहा जणींच्या असतील. कुठल्या दिवशी आईच्या पोटात काय गेलं, हे आता बाईही सांगू शकत नव्हत्या.

पुढच्या रविवारी मी कुलपाचा पत्र्याचा डबा नेला. आत पाकिटं, वर आईचं नाव, कुठली केव्हा द्यायची ते मोठ्या अक्षरात. किल्ली बाईंच्या हातात दिली आणि सगळं दोनदा समजावलं. त्यांनी मान डोलावली.

त्यानंतरच्या रविवारी डबा आईच्या पलंगाखाली होता. कुलूप लावलेलं, आणि किल्ली सुतळीने त्याच कुलपाला बांधलेली. हरवू नये म्हणून. उघडला तर आत तपकिरीची डबी, शेजारच्या पलंगावरच्या आजींची कवळी आणि अर्धा लाडू. गोळ्या नव्हत्या. बाईंनी त्या सोलून पुन्हा वाटीत टाकल्या होत्या.

"एकट्या यायच्याच वेगळ्या ठेवल्या, तं बाकीच्या म्हाताऱ्या रुसतात वो."

मी भांडले नाही. आईचं सामान बांधलं आणि रिक्षा बोलावली. निघताना बाईंनी प्रेमाने एक कागदाची पुडी पुढे केली, वाटेत लागतील म्हणून. आत मूठभर पांढऱ्या गोळ्या. घरी आल्यावर आधी ती पुडी फेकली, मग साबणाने हात धुतले.

आता आईच्या गोळ्या माझ्या कपाटात, पाकिटातच असतात. तिचं भेलकांडणं थांबलं. अंगणापर्यंत एकटी जाते. पण तिथल्या मैत्रिणी तिला आठवतात. परवा मी तिला त्या डब्याची सगळी गोष्ट सांगितली.

"म्हणूनच तिथलं वरण असं बेचव राहे," ती म्हणाली. "मसाला होता कुठं घालायले?"

मग तिने विचारलं, शेजारच्या आजींना न्यायला त्यांच्याकडचं कुणी आलं का. मी म्हणाले, माहीत नाही.