बाजारचा थांबा

कंडक्टरबाईचा हात चालायला लागला तो सरकारी बस बंद पडल्यावर. त्याआधी इतक्या वर्षांत तिने प्रवाशाला साधं अरेतुरे केलं नव्हतं. ड्रायव्हर तिचाच नवरा, गाडी सरकारची, पगार महिन्याच्या महिन्याला. गाडी रिकामी असली तरी वेळेवर सुटायची. धाकट्या भावालाही तिनेच डेपोत चिकटवलं होतं. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. बाईच्या आवाजाला सगळा डेपो टरकून असायचा, भाऊ मात्र तिला खुशाल वेडावून दाखवायचा.

मग देशाने परदेशी बँकांकडून कर्ज काढलं आणि कर्ज देणाऱ्यांनी अटी घातल्या. सरकारने बस चालवणं हा म्हणे गुन्हाच होता. मंत्री रेडिओवर गोड आवाजात सांगू लागले, आता स्पर्धा येईल, प्रवासी राजा होईल. राजा! त्या राजाचे दोन हात धरून दोन बसवाले दोन दिशांना ओढायचे आणि सदऱ्याची बाही कुणाच्या तरी मुठीत राहायची, हे मंत्र्यांनी कधी पाहिलं असेल तर शपथ. डेपोला टाळं लागलं. जाताना हातावर जे टेकवलं त्यात नवरा-बायकोने जुनी मिनीबस घेतली. भाऊ दुसऱ्या एका मिनीबसवर क्लीनर लागला. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर.

आता गाडीत माणूस चढला तरच घरात चूल पेटणार होती. बाई दारात लटकून ओरडायची, माणसं बखोटीला धरून आत कोंबायची. पहिल्याच आठवड्यात तिने एका क्लीनरचा दात पाडला. घरी येऊन ढसाढसा रडली, आणि दुसऱ्या दिवशी जॅकची टॉमी, तो हातभर लोखंडी दांडा, सीटखाली ठेवून निघाली.

भावाशी जुंपली ती एका म्हातारीवरून. बाईने तिचं बोचकं उचललं, भावाने तिचा दंड धरला, आणि म्हातारी मधल्या मध्ये रस्त्यावर आपटली.

"ताई, सकाळपासून गाडी रिकामी आहे. मालक मला हाकलेल. सोड हिला."

"आणि माझी लेकरं काय हवा खातील?"

भावाने बहिणीला ढकललं. तिने टॉमी उपसली आणि त्याच्या कपाळावर घातली. भुवई फाटली, डोळा रक्ताने बुजला, तरी तो हसलाच.

"लहानपणी झाडूने मारायचीस," तो म्हणाला. "भाव वाढला की आता!"

त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. टाके कधी निघाले तेही तिला त्याच्या गाडीकडे लांबून बघूनच कळलं.

बाजार सुटायच्या वेळी पुलापलीकडच्या थांब्यावर माणसांची झुंबड उडायची. जो आधी पोचेल त्याचा दिवस निघाला. एके दुपारी दोन्ही गाड्या पुलावर एकदमच चढल्या. भावाची गाडी कठड्याच्या बाजूला, हिची तिला खेटून. नवऱ्याने दात-ओठ खात चाक कठड्याकडे वळवलं. भाऊ पलीकडच्या दारात बाहेर झुकून उभा होता. मधल्या खिडक्यांतून, बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून त्याने बहिणीकडे पाहिलं.

"ताई, दाबू नका! इकडे भिंत आहे!"

नवऱ्याला ती बाजू दिसत नव्हती. तो बायकोच्या थापेवर गाडी हाकत होता. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. बाईने एक थाप मारली. तेवढ्यात तिला पुढे थांब्यावरची गर्दी दिसली, आणि तिने दुसरी मारली.

पत्र्यावर पत्रा घासला. पलीकडची गाडी कठड्यात रुतली. भाऊ एकदाच ओरडला, आणि खिडक्यांतून दिसणारं त्याचं डोकं खाली गेलं.

हिची गाडी थांब्यावर पोचली आणि दारापर्यंत भरली. मागच्या गाडीतली माणसंही पुलावरून धावत आली; त्यांनाही घर गाठायचं होतं. एकाच्या बाहीवर रक्त उडालेलं होतं.

"अगं, काय झालं मागे?" नवऱ्याने विचारलं.

"पार चेंदामेंदा झाला हो," तो बाहीवाला चढता चढता म्हणाला. "कोण होता तो पोरगा?"

"माझा भाऊ," बाई म्हणाली. तिचा ऊर फुटायला आला होता, पण आवाज रोजचाच निघाला. "दारात थांबू नका. आत सरका."

माणसं आत सरकली.