मंगळीबाईचं नाक

नवापूर ओलांडून गुजरातच्या हद्दीकडे निघालं की धुरावर भाजलेल्या कोंबडीच्या चार-पाच टपऱ्या लागतात. आम्ही शहाद्याहून तेवढ्यासाठीच निघालो होतो. गाडी भूपेंद्रची. हा माझा लोणखेड्याचा मित्र, या टपऱ्यांचा नेहमीचा गिऱ्हाईक.

"मंगळीमावशीकडेच थांबू," तो म्हणाला. "पण वास कसा सुटलाय, असं तिला म्हणू नकोस. सुनेला म्हण."

कारण मला जेवताना कळलं.

मंगळीबाई साठीच्या पुढची. पत्र्याच्या छपराखाली मातीनं लिंपलेला खड्डा, त्यावर बांबूची जाळी. मीठ, लसूण, हिरवी मिरची चोळलेली कोंबडी जाळीवर ठेवायची आणि वरून ओलं गोणपाट टाकायचं. खाली जाळ होऊ द्यायचा नाही, चिंचेचं लाकूड नुसतं धुमसत ठेवायचं. हे काम तिनं नवऱ्याकडून, पौलसकडून उचललं. तो गेल्यावर टपरी एकटीनं चालवली. गोणपाट उचलून ती कधी बघत नसे. धुराचा वास बदलला की कोंबडी उलटायची, एवढंच तिचं गणित.

कोरोनात तिला ताप आला. ताप उतरला, मीठ-तिखट कळायला लागलं, पण वास काही परत आला नाही. तिनं कुणालाच सांगितलं नाही. अंदाजानं भाजत राहिली. मुलगा जोसेफ सुरतेला कामाला. त्याची बायको योगिता घरीच असायची, पण मंगळीबाई तिला खड्ड्याजवळ फिरकू देत नव्हती. भांडी घासायची, कांदा चिरायचा, बस.

मग एके दिवशी भूपेंद्रनंच पहिला घास तोंडातून काढला.

"मावशी, कोंबडीले डिझेलना वास ई ऱ्हायना," तो अहिराणीत म्हणाला. कोंबडीला चक्क डिझेलचा वास येत होता.

मंगळीबाई भडकली. "माझ्या हातची कोंबडी आहे. आज खातोस का पहिल्यांदा?"

योगिता हात पुसत आली. खड्ड्यापाशी वाकली, एक लाकूड उचलून नाकाशी नेलं. "आई, लाकडांवर डिझेल सांडलंय. लाकडं आणताना टेम्पोतच सांडलं असेल. तुम्हाला आला नाही वास?"

सगळी गिऱ्हाइकं बघत होती. मंगळीबाई खाली बसली. "नाही येत," ती म्हणाली. "तापापासून कशाचाच येत नाही."

योगितानं सगळ्या कोंबड्या मागे नेऊन पुरल्या, राख उपसली, जाळी मोडून टाकली.

मंगळीबाईनं टपरी बंद करायचं ठरवलं. सून म्हणाली, "मला शिकवा. वास मला येतो, पण कुठल्या वासाला काय करायचं ते मला कुठं माहीत आहे?"

शिकवणं सोपं नव्हतं. जो वास आपल्याला येत नाही, तो दुसऱ्याला ओळखायला सांगायचा. पहिल्या कोंबड्या करपल्या, पुढच्या आतून कच्च्या निघाल्या. मंगळीबाई चिमटा हिसकावून घ्यायची, मग नाइलाजानं परत द्यायची. दोघी दिवसदिवस बोलत नसत. तरी सकाळी खड्डा पेटायचाच.

आम्ही गेलो त्या दुपारी दोघी माझ्यासमोरच काम करत होत्या.

"आता कसा येतोय?" मंगळीबाईनं बाजेवरून विचारलं.

"ओल्या पाल्यासारखा."

"थांब मग."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"चिंचोके भाजतात ना, तसा."

"उलट."

योगितानं गोणपाट उचललं. कोंबडी तांबूस झाली होती. आमच्या पुढ्यात ती पळसाच्या पानावर आली, सोबत नागलीची भाकरी. हाडापर्यंत धूर मुरलेला होता. मी योगिताला तसं सांगितलं. ती सासूकडे बघून हसली.

मंगळीबाईच्या मांडीवर जोसेफची लेक झोपली होती, वर्षाचीही नसेल. मी विचारलं, "मावशी, डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. येईल म्हणे, नाहीतर नाही येणार. कोंबडीचं काय, योगितानं सांभाळलं." तिनं पोरीच्या टाळूवरून हात फिरवला. "हिच्या डोक्याला कसा वास येतो, तेवढं मात्र मला माहीत नाही."

योगिता चिमटा ठेवून आली. पोरीच्या डोक्याला नाक लावून तिनं जरा विचार केला.

"तेलाचा येतोय आई. आणि दूध थोडं आंबलंय, त्याचा. पुसायला हवं."

पोरीला तिच्याकडे देऊन मंगळीबाई पदर ओला करायला उठली.