फिटरचा मुका कॉम्प्युटर

फिटरने माडीवर बाई ठेवली आहे, ही बातमी गल्लीत फुटली ती इस्त्रीवाल्याच्या टेबलावर. आणि इस्त्रीवाला म्हणजे काही ऐरागैरा साक्षीदार नव्हे. दुकान फिटरच्या घरासमोर, टेबल खिडकीला लागून, आणि धंदा असा की हात कामात, पण कान मोकळे. त्याने स्वतः ऐकलं होतं. बाईचा आवाज गोड, थंड, शिकल्यासवरल्यासारखा. बोलायची मोजकंच. "डावीकडे," म्हणायची. मग जरा थांबून, "उजवीकडे." आणि मागोमाग फिटरचा रडवेला आवाज, "बोल ना गं बाई! आत्ता तर बोलत होतीस! एकदाच बोल!"

"आता तुम्हीच सांगा," इस्त्रीवाला गिऱ्हाइकाच्या कॉलरवर पाणी शिंपडत म्हणायचा, "ती नुसती डावीकडे-उजवीकडे करते आणि हा गडी नाचतो. घरच्या बायकोने पाणी मागितलं असतं तर उठला असता का?"

त्यात शुक्रवारी सकाळी फिटरची बायको बहिणीच्या गाडीत बसून गेली. हातात पिशवी. आणि फिटर दारात आलासुद्धा नाही. झालं! बातमीला पाय होतेच, आता पंख फुटले. "गेली हो बिचारी. तीही डोळ्यांनी अधू असताना!" असं म्हणून गल्लीने दोन मिनिटं हळहळ केली आणि मग बाई दिसायला कशी असेल याची चर्चा सुरू झाली.

फिटर तीस वर्षं एका कारखान्यात फिटर होता. त्याला आईबापांनी नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. निवृत्त झाला तेव्हा कारखाना सुटला, फिटरकी सुटली नाही. कुणाकडे पाहुणा गेला की आधी खुर्ची उलटी करून बघायचा. दवाखान्यात गेला तर डॉक्टरने त्याला तपासायच्या आत हा तपासणीच्या टेबलाचे नट तपासून मोकळा. त्याचा धर्म एकच: भोक दिसलं की बोल्ट. एकदा कारखान्यात कुणीतरी एका झाकणाचा एक बोल्ट लावायचा आळस केला होता. झाकण हललं आणि फिटरच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाची तीन बोटं गेली. ती बोटं फिटरने स्वतः फडक्यात गोळा केली होती. तेव्हापासून त्याच्या हातून रिकामं भोक म्हणून कधी राहिलं नाही.

बायको बावीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोनवर होती. घाबरून फोन करणारी माणसं तिच्या नुसत्या "बोला" या शब्दाने अर्धी बरी व्हायची म्हणे. मग काचबिंदूने दोन वर्षांत दोन्ही डोळे नेले. डोळ्यांमागोमाग नोकरी गेली आणि नोकरीमागोमाग बोलणं. पलंगाच्या कडेला बसून राहायची. फिटर विचारायचा, "चहा ठेवू?" ती म्हणायची, "ठेवा." सबंध दिवसाचा संसार एवढ्या तीन शब्दांवर आला होता. फिटर जिना चढता-उतरता मुद्दाम पाय आपटायचा. घरात काहीतरी वाजावं म्हणून.

आणि एके दिवशी जुन्या मेट्रनचा फोन आला. डॉक्टरांच्या वेळा देण्यासाठी इस्पितळाला एक माणूस हवं होतं, घरी बसून काम करणारं. एका कानाला पेशंटचा फोन, दुसऱ्या कानाला कॉम्प्युटर. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर वाचून दाखवणार. जागा एकच. परीक्षा पुढच्या महिन्यात, शुक्रवारी अकराला, फोनवरूनच. त्या दिवशी बायको सलग तासभर बोलली. फिटर समोर बसून नुसता बघत होता.

मेहुणी लगेच म्हणाली, "भाऊजी, आमचा नवा कॉम्प्युटर घेऊन जा. पडून आहे नुसता."

"तयार डबा?" फिटरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आत कुणी काय कोंबलंय कुणी बघितलंय? माझ्या बायकोसाठी मी स्वतः बांधीन."

"भाऊजी, तुमची हौस नाही हो, ताईची नोकरी आहे."

"म्हणूनच."

मेहुणीने विषय सोडला. तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

फिटरने सुटे भाग आणले. पुस्तिका भिंगाखाली धरून वाचल्या. आधी सगळं टेबलावर, पुठ्ठ्यावर मांडून जोडलं आणि बटण दाबलं. आवाज तपासायची एक सोय असते, ती सुरू केली. "डावीकडे," बाईचा आवाज आला. "उजवीकडे."

"अगंबाई!" बायको हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. "ही तर आमच्या मेट्रनसारखी ठसक्यात बोलते की हो!"

त्या पुठ्ठ्यावरच तिने सराव सुरू केला. कुठली कळ दाबली की काय वाचलं जातं, ते बोटांनी पाठ केलं. वाचनाचा वेग वाढवत वाढवत इतका नेला की फिटरला त्यातलं अवाक्षर कळेना आणि ती मात्र मान डोलवत ऐकायची. परीक्षेला सहा दिवस उरले तेव्हा फिटर म्हणाला, "आता कॅबिनेटच्या डब्यात बसवतो. काम कसं पुरं झालं पाहिजे."

मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य सर्किट-पाटी, डब्याच्या पत्र्याला टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून खाली छोटे पितळी खुंट लावतात. डब्याच्या तळाला भोकं पुष्कळ असतात, कारण लहानमोठे सगळ्या मापांचे बोर्ड त्यात बसायला हवेत. आपल्या बोर्डापुरते खुंट लावायचे, बाकीची भोकं सोडून द्यायची. पण फिटर आणि भोक सोडणार? पुडीत खुंट होते तेवढे सगळे त्याने पिळून बसवले आणि वरून कौतुकाने बोट फिरवलं. त्यातला एक खुंट बोर्डाच्या अशा जागी खालून टोचत होता जिथे आवाजाचं सगळं सर्किट होतं. फिटरने माती खाल्ली ती इथे. पण त्याला हे कुठे ठाऊक? त्याच्या लेखी ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत चोख जोडणी होती.

झाकण लावलं, बटण दाबलं. पडदा उजळला. बाई ढिम्म.

मग सुरू झाला तो छळ. उघडून पुठ्ठ्यावर ठेवलं की बोलायची. डब्यात बसवून स्क्रू आवळले की आधी कढईत पाणी उडाल्यासारखी चरचर, मग चिडीचूप. फिटरने हेडफोन बदलले. स्पीकर बदलले. आवाज चुकून पडद्यातल्या स्पीकरकडे जातोय का ते पाहिलं. आवाजाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. भिंतीतल्या प्लगचं अर्थिंग उकरून काढलं. पंख्याची वायर बदलली, तिचा बिचारीचा काही दोष नसताना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि दर खेपेला, आधी काहीतरी सैल राहिलं असणार या हिशेबाने, तो स्क्रू आणखी अर्धा वळसा आवळायचा. म्हणजे खुंट आणखी आत.

सुटे भाग विकणारा दुकानदार मिश्कील. "काका, म्हणजे तुमचं मशीन उघडं असलं की बोलतं आणि कपडे घातले की लाजतं? लोकांचं उलटं असतं!"

"थट्टा सुचते तुला. शुक्रवारी परीक्षा आहे तिची."

"मग एक काम करा. यूएसबीत घालायचं एवढंसं साउंडकार्ड मिळतं. बोटाएवढं. लावा आणि सुटा."

"बोर्डावर आवाजाची सोय असताना बाहेरून ठिगळ लावू? आजवर कधी ठिगळ लावून मशीन दिलं नाही मी."

"बरं बाबा," दुकानदार म्हणाला, "मग बसा मनधरणी करत."

बुधवारी दुपारी मशीन पुन्हा पुठ्ठ्यावर होतं आणि झकास बोलत होतं. बायको सलग दोन तास बसली. एकही चूक नाही. फिटर स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे उभा राहिला, तेव्हा तिला न बघताच कळलं.

"अहो, हात लावू नका. शुक्रवारपर्यंत असंच राहू द्या."

"उघडं? अगं, शेजारी पंखा फिरतोय. तू चाचपत हात नेलास तर?"

"नाही नेणार."

"असं सगळेच म्हणतात."

"मी हात मांडीवर बांधून बसते, हवं तर! पण तिला बोलती राहू द्या हो."

त्याच्या डोळ्यांपुढे ते फडकं आलं. "चारच स्क्रू," तो म्हणाला. "पाच मिनिटं. या वेळी नक्की."

पाच मिनिटांनी बटण दाबलं. चरचर झाली, मग बारीकसा टक् असा आवाज आणि जळकट वास. घाईघाईने उघडून पुठ्ठ्यावर ठेवलं. या वेळी पुठ्ठ्यावरही बाई बोलली नाही.

बायको उठली, भिंत धरून पलंगापाशी गेली आणि कडेला बसली. पूर्वीसारखी. तिने चार शब्द सुनावले असते तर फिटरला जेवण तरी गेलं असतं.

गुरुवार त्याने त्या टेबलापाशी काढला. काढ, जोड, दाब, ऐक. एकदा स्पीकरमधून कुठूनतरी "डावी..." एवढं निसटलं. त्या अर्ध्या शब्दावर तो तीन तास आशेने बसला. हात जोडून बसला, शिव्या दिल्या, लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "बोल ना गं बाई! एकदाच बोल!" खाली इस्त्रीवाल्याची इस्त्री कुणाच्या तरी शर्टावर तशीच राहिली. संध्याकाळी बायकोने स्वतः नंबर फिरवून बहिणीला बोलावलं; परीक्षा आता तिच्या घरच्या कॉम्प्युटरवरूनच द्यायची होती.

शुक्रवारी सकाळी नऊला गाडी आली. जिन्याच्या तळातून बायकोने हाक मारली, "अहो, येते मी."

फिटर माडीवर टेबलापाशी उभा होता. "नीट जा" म्हणायचं होतं, "घाबरू नकोस" म्हणायचं होतं. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. खाली दार लागलं.

मग नुसतं काहीतरी करायचं म्हणून त्याने बोर्ड उचलून उलटा केला आणि भिंग लावलं. मागच्या बाजूला, आवाजाच्या जागी, एक गोल ओरखडा होता. आत तांबं चमकत होतं आणि कडा काळी पडली होती. त्याने बोर्ड डब्यात धरून पाहिला. ओरखड्याच्या बरोबर खाली एक खुंट. त्याने स्वतः बसवलेला. त्या जागी बोर्डाला भोकच नव्हतं.

फिटर चप्पल न घालताच दुकानापर्यंत गेला. दुकान उघडायला दहा वाजले. तोवर तो शटरसमोर येरझाऱ्या घालत होता.

"काका, एक भोक रिकामं सोडलं म्हणून कुणी मेलंय का?" सगळं ऐकून दुकानदार म्हणाला.

"तीन बोटं गेली होती," फिटर म्हणाला. दुकानदाराने ते बोटाएवढं ठिगळ काढून दिलं.

अकराला वीस मिनिटं कमी असताना त्याने ते लावलं. डबा नाही, झाकण नाही, पुठ्ठ्यावरच. "डावीकडे," बाई ठणठणीत बोलली. "उजवीकडे." त्याने मेहुणीला फोन लावला.

"बोलतोय गं! तिला घेऊन ये, लगेच!"

"भाऊजी, वीस मिनिटं राहिलीत," मेहुणी दबक्या आवाजात म्हणाली. "ताई हेडफोन कानाला लावून बसलीये. आता काय विमानाने आणू? ठेवा फोन."

त्याने फोन ठेवला. बाई बोलत राहिली. ती बंद कशी करायची हे माहीत असूनही त्याने ती बंद केली नाही. अकरा वाजले तेव्हा तो बायकोच्या खुर्चीत बसला होता आणि रडत होता, आणि ते समोर इस्त्रीवाल्याला स्वच्छ ऐकू जात होतं.

एक वाजता ती परतली. पिशवीत तिचे हेडफोन होते, ते तिने चाचपत टेबलावर ठेवले.

"कळा वेगळ्या होत्या तिथल्या," ती म्हणाली. "वाचणारा आवाजही वेगळा. घोगरा. दोन पेशंटना चुकीची तारीख दिली मी."

"माझ्यामुळे झालं," फिटर म्हणाला. "एक खुंट जास्तीचा लावला मी. नको तिथे."

तिने चालू आवाजाकडे कान वळवला. "म्हणजे आता बोलतोय?"

"बोलतोय."

"मग बंद करा जरा. डोकं दुखतंय."

फिटरच्या माडीवर कोणतीही बाई नव्हती. तो आवाज स्पीकर तपासण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये भरलेला असतो. बायको घर सोडून गेली नव्हती, चार तासांसाठी परीक्षेला गेली होती. नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.