आत्याच्या नावानं केस

माझ्या आत्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय ऐकत नाहीत, बोलणं ओढत येतं, पण डोकं तल्लख. आजोबांनी शिक्रापूरचं घर तिच्या नावावर केलं होतं. ते गेल्यावर अपंगांच्या पालकत्वाचं बघणाऱ्या जिल्ह्याच्या समितीनं तिला कायदेशीर पालक नेमून दिले, नात्यातलेच एक निवृत्त गुरुजी. मी दौंडला रेल्वेत नोकरीला, मला रोज जाणं जमणारं नव्हतं. मागच्या खोलीत लातूरकडचं एक जोडपं राहायचं. नवरा कंपनीत जायचा आणि बाई आत्याची अंघोळ, जेवण, सगळं करायची.

एक दिवस गुरुजींचा फोन आला. "त्या दोघांवर खोली खाली करायची केस टाकतोय. आज राहत्यात, उद्या घरावर हक्क सांगतील."

माणूस वाईट नव्हता. गावात असं घडलेलं त्यांनी पाहिलं होतं. मी रजा टाकून शिक्रापूर गाठलं आणि आत्याला सांगितलं.  ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "केस माझ्या नावानं. आन् मलाच कुणी इचारलं न्हाई?"

हा निर्णय तपासून पाहा, असा अर्ज आम्ही समितीकडे केला. सुनावणीला तिला गाडी करून पुण्याला नेलं. समितीचे साहेब मला विचारू लागले, "यांचं म्हणणं काय आहे?"

मी म्हटलं, "त्यांनाच विचारा, साहेब. जरा वेळ लागेल."

साहेब खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"ती गेल्यावर मला घास कोण भरवणार?" आत्या म्हणाली. "गुरुजी? घर माझं हाय, हे तिला म्हाईत हाय. भ्या वाटत आसंल तर तिच्याकडनं लिहून घ्या. पण हाकलू नका."

समितीनं केस थांबवायला लावली. खोलीचा रीतसर करार करायला सांगितला आणि पुढचं कुठलंही पाऊल आत्याला विचारल्याशिवाय उचलायचं नाही, अशी गुरुजींना समज दिली.

बाहेर व्हरांड्यात गुरुजी म्हणाले, "आक्का, तुम्हाला तरास नको म्हणून केलं मी."

"तरास माझा हाय," आत्या म्हणाली. "मला घेऊ द्या."

काही महिन्यांनी घराच्या फाटकासमोर ट्रक उभे राहू लागले, तेव्हा तिनंच गुरुजींना बोलावून ट्रकमालकाला नोटीस धाडायला लावली. गुरुजींनी मसुदा तिला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी तिनं एक वाक्य बदलायला लावलं, ते माझ्या मते आधीपेक्षा कडक होतं.