दीड हा अंक नाय तर काय हाय?

महाडच्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात माणसं तीनच: सर, मी आणि वैशाली. किस्से मात्र इतके, की एक सांगून होईपर्यंत दोन नवे तयार! बहुतेक एकाच भानगडीचे. लोक रकान्यात लिहितात मजकूर, प्रोग्रामला हवा असतो आकडा. आणि बहुतेकांत शाबासकी वैशालीला! मी बारा वर्षांचा जुना, ती दोन वर्षांपूर्वी पोलादपूरहून आलेली. जळायचो मी तिच्यावर. लपवून काय उपयोग?

*

दासगावच्या भातगिरणीतले तुकारामकाका वजनाच्या रकान्यात ‘दीड’ लिहायचे. माझा प्रोग्राम म्हणायचा, ‘कृपया अंक टाका.’ काकांचा फोन आला. “दीड हा अंक नाय तर काय हाय रे?”

मी वीस मिनिटं त्यांना ‘वन पॉइंट फाइव्ह’ समजावत होतो. तेवढ्यात वैशालीने प्रोग्रामलाच दीड, अडीच, पावणेदोन शिकवलं! तेव्हापासून काका मला फोनवर एवढंच सांगतात, “तुझं राहू दे. पोरीला दे.”

*

एका रोपवाटिकेच्या यादीत आंब्याची शंभर कलमं एकच दिसायची. अर्धा दिवस मी कोड चाळला. वैशाली पाण्याची बाटली भरायला चालली होती. जाता जाता म्हणाली, “दादा, हे शून्य जरा गुबगुबीत नाय वाटत?”

“फॉन्टच तसा आहे!” मी खेकसलो.

फॉन्ट तसा नव्हता. शून्याच्या जागी कुणीतरी इंग्रजी ओ दाबला होता, आणि माझा प्रोग्राम पहिल्या एकावरच थांबत होता.

*

मग एका गावाच्या नळयोजनेची यादी मी हट्टाने एकट्याने केली. घरक्रमांकांचे सगळे मजकूर झटक्यात आकडे! ‘१२अ’ही बारा, ‘१२ब’ही बारा. त्या दोन घरांतले सख्खे भाऊ पंधरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. छापील यादीत त्यांचं एक कुटुंब झालं! दोघे वेगवेगळ्या रिक्षांनी आले आणि माझ्यावर एकदमच ओरडले.

सर म्हणाले, “चला, तुझ्यामुळे त्यांचं एकमत तरी झालं!”

वैशाली हळूच म्हणाली, “घराच्या नंबरांची बेरीज कोण करणार हाय, दादा? ते नावच की.” बरोबर होतं तिचं. म्हणून तर जास्त झोंबलं.

*

पोलादपूरच्या एका दवाखान्याचा प्रोग्राम पूर्ण माझा. आकडा नसेल तिथे शून्य धरायचं आणि शून्याची ओळ रिपोर्टात छापायची नाही, हा माझा नियम.

“साखर फारच वाढली की मशीन आकडा दाखवत नाय, ‘HI’ अशी इंग्रजी दोन अक्षरं दाखवतं,” वैशाली म्हणाली. “नर्सबाई तीच लिहितात. मग ती ओळच गायब होईल, दादा.”

“माझ्या प्रोग्रामला हात लावायचा नाही!”

तिने लावला. आकडा नसेल तर मजकूर तसाच, लाल अक्षरांत. मी तडक सरांकडे तक्रार केली. “बरं, सोमवारी तुझं जुनं परत बसव,” सर कंटाळून म्हणाले.

सोमवारी मी खुर्चीत बसतोय तोच दवाखान्यातून फोन. एका बाईंचा रिपोर्ट लाल आला होता. डॉक्टरांनी त्यांना लगेच महाडच्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. आडनाव माझं. गाव माझं.

आई! मला न सांगता शेजारणीबरोबर तपासायला गेली होती.

तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली. वैशाली घरून नाचणीची पेज घेऊन आली. आईने माझा हात सोडून तिचा धरला.

“तू काय करतेस गो याच्या हापिसात?”

मी खाली बघायला लागलो.

“दादांच्या हाताखाली शिकते,” वैशाली म्हणाली, आणि वाटीत पेज ओतायला लागली.