रंगरावांच्या बेटावरची सोजराबाई

मेहकरच्या खालच्या अंगाला पैनगंगेत एक लहानसे बेट आहे. जिनिंगवाले रंगराव एकदा सिलोन पाहून आले आणि त्या बेटावर त्यांनी पाहुण्यांसाठी बंगली बांधली. वेताच्या खुर्च्या, स्प्रिंगचा पलंग, न्हाणीघरात चिनी मातीचा टब, अंगणात नारळाची झाडे. त्यांना नारळ कधी धरला नाही. बंगली सोजराबाई भोईण सांभाळी. नवरा पुरात गेल्यापासून डोंगा तीच वल्हवी, स्वयंपाकही तीच करी आणि मागच्या खोलीत राही. तिला दुसरे घर नव्हते.

माझे यजमान वारले त्या वर्षी, भेटायला येणाऱ्यांना विटून, मी तिथे आठवडाभर राहायला गेले. मला माणसाचे तोंड पाहायचे नव्हते.

पहिल्याच सकाळी मी व्हरांड्यात चहा घेत होते, तोच डोंग्यातून गावच्या बायका उतरल्या. माझ्याभोवती जमिनीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून गप्प राहिल्या.

"ह्या कोण?" मी सोजराबाईला विचारले.

"तुमच्यापाशी बसाले आल्या, माय. कुकू गेलेली बाई एकटी बसते का कुठं?"

"अगं, मी एकटं बसायलाच आले आहे!"

"हाव, सारे असंच म्हन्तात," म्हणत ती बायकांसाठी चहा टाकायला गेली.

दुःखातल्या बाईजवळ बसायला जातात, हे मला ठाऊक नव्हते थोडेच? त्यापासूनच तर पळाले होते! मी दार लावून घेतले. त्या दाराबाहेर बसल्या. एक तर घोरू लागली.

रोज हेच. शेवटी मी रंगरावांकडे तक्रार करीन म्हटले, तेव्हा त्यांतली रुखमाबाई कुजबुजली, "नका सांगू, बाई. मांगं एका साहेबाले करमावं म्हून हिनं आमाले भजनाले आनलं होतं, तं त्यानं मालकापाशी तक्रार केली. आता पाहुन्याले तरास झाला तं मालक हिले बेटावरून हाकलून देईन."

आणि नेमके दुसऱ्या दिवशी रंगराव स्वतःच आले.

"सोजरे! ह्या बाया कोनं आनल्या? बांध गाठोडं!"

सोजराबाईने एरवी कधी तोंड मिटले नव्हते. आता ती खाली पाहत उभी राहिली. माझ्या जिभेवर साऱ्या दिवसांचा संताप होता.

"मीच बोलावल्या," मी म्हणाले. "एकटीला करमत नव्हतं."

रंगरावांनी मला नीट न्याहाळले, चहा घेतला आणि गेले. त्यांना पलीकडे सोडून सोजराबाई हसतच परतली.

"मले ठाऊकच होतं, माय! एकटं कोनालेच करमत नाई."

दुसऱ्या सकाळी बायकांना आणायला डोंग्याच्या दोन खेपा झाल्या.